दुबळ्या संकेतांना प्रकाशाचे बळ

एखाद्या रुग्णालयात नवे एमआरआय यंत्र बसले, की त्याच्या उद्घाटनाच्या बातमीत ते किती 'टेस्ला'चे आहे, हे आवर्जून सांगितले जाते. दीड टेस्लाचे यंत्र चांगले आणि तीन टेस्लाचे त्याहून चांगले, असा हिशेब सर्वसामान्य वाचकाच्याच नव्हे, तर रुग्णालयांच्या चालकांच्याही मनात पक्का बसलेला आहे. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे माप. क्षेत्र जितके तीव्र तितके चित्र स्पष्ट, हे या हिशेबामागचे तर्कशास्त्र. आणि ते खोटे नाही. ते अपुरे मात्र आहे. चुंबक मोठा न करता संकेत मोठा करण्याचा एक वेगळा मार्ग भौतिकीच्या दुसऱ्याच दालनात गेली पाऊणशे वर्षे तयार होत होता. तो मार्ग प्रकाशाचा आहे. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लेसर प्रकाशाच्या साहाय्याने संस्कारित केलेला झेनॉन वायू फुप्फुसांच्या एमआरआय तपासणीसाठी वापरण्यास मान्यता दिली, तेव्हा हा मार्ग प्रयोगशाळेच्या दारातून बाहेर पडून रुग्णालयाच्या दारात येऊन उभा राहिला. हा मार्ग कोठून निघाला, त्याने काय साधले आणि भारताने त्याच्याकडे केवळ गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहावे काय, हे प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगे आहेत.

दहा मतांचे मताधिक्य

एमआरआयचा संकेत मुळात दुबळा का असतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. माणसाच्या शरीरात पाणी विपुल आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनचे प्रत्येक अणुकेंद्र म्हणजे एक सूक्ष्म लोहचुंबकच होय. शरीर बलवान चुंबकीय क्षेत्रात ठेवले, की ही केंद्रे त्या क्षेत्राच्या दिशेने तरी उभी राहतात, नाही तर उलट दिशेने तरी. सगळीच एका दिशेने उभी राहिली असती, तर यंत्राचे काम फारच सोपे झाले असते. परंतु शरीराच्या उष्णतेने चाललेली रेणूंची धक्काबुक्की त्यांना एका दिशेने स्थिर होऊ देत नाही. परिणामी दोन्ही बाजूंची संख्या जवळजवळ सारखी राहते. दीड टेस्लाच्या यंत्रात वीस लाख केंद्रांचा हिशेब मांडला, तर एका बाजूला दहा लाख पाच आणि दुसऱ्या बाजूला नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे पंच्याण्णव, असा निकाल लागतो. मताधिक्य केवळ दहांचे! उरलेल्यांचे संकेत एकमेकांना छेदून नाहीसे होतात आणि यंत्राला ऐकू येतो तो या दहांचाच आवाज. शरीरात हायड्रोजनची केंद्रे अगणित आहेत, म्हणूनच एवढ्याशा मताधिक्यावर चित्र उमटू शकते.

फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ साली हे अणुकेंद्रीय अनुस्पंदन स्वतंत्रपणे टिपले आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळवले. पुढे १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी या संकेतांतून चित्र कसे घडवता येईल ते दाखवले, पीटर मॅन्सफील्ड यांनी ते जलद घेण्याचे गणित बसवले आणि २००३ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या सगळ्या प्रगतीत संकेत ऐकण्याची कला सुधारत गेली. पण मूळ मताधिक्य होते तेवढेच राहिले. ते वाढवायचे तर चुंबक वाढवायचा, हा सरळ उपाय. तीन टेस्लाच्या यंत्रात दहाचे वीस होतात. फ्रान्समधील साक्ले येथे या उपायाची परिसीमा गाठली गेली आहे. तेथील ११.७ टेस्लाचा चुंबक १३२ टन वजनाचा असून त्याने घेतलेली मानवी मेंदूची पहिली चित्रे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. चित्रे विलक्षण सुस्पष्ट आहेत, यात शंका नाही. परंतु त्या अवाढव्य चुंबकातही वीस लाखांमागे मताधिक्य ऐंशीच्या आतच राहते! बळाच्या मार्गाने किती दूर जाता येते आणि तेथे जाण्यास काय मोल पडते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणार नाही.

प्रकाशाचा रहाट

दुसरा मार्ग ज्याने दाखवला, त्या आल्फ्रेड कास्टलेर यांच्या मनात रुग्णालय नव्हते. १९०२ साली अल्सासमधील गेब्विलर या गावी जन्मलेला हा फ्रेंच भौतिकीविद पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये शिकला, काही वर्षे त्याने शाळांतून अध्यापन केले आणि पुढे आपल्या जुन्या विद्यापीठातच तो अणू आणि प्रकाश यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास करीत राहिला. ज्याँ ब्रोसेल हा त्याचा विद्यार्थी आणि नंतरचा सहकारी. १९५० साली कास्टलेर यांनी असे सुचवले, की विशिष्ट प्रकारच्या प्रकाशाने अणूंना एका दिशेने रांगेत उभे करता येईल. या क्रियेला त्यांनी 'प्रकाशीय पंपन' असे नाव दिले.

त्यामागची कल्पना अशी. प्रकाशकिरण केवळ ऊर्जा वाहून नेत नाही, तर फिरकीही वाहून नेतो. मळसूत्राप्रमाणे फिरत जाणाऱ्या, म्हणजे वर्तुळ ध्रुवित, प्रकाशाचा प्रत्येक कण ही फिरकी ठराविक मापाने बाळगतो. प्रकाशकणाच्या या गुणधर्माचा प्रायोगिक पुरावा १९३१ साली सी. व्ही. रामन आणि एस. भगवंतम् यांनी 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'मधून मांडला होता, याची आठवण येथे ठेवणे योग्य होईल. आता अणूंची दोन खोल्यांत वाटणी झाली आहे, असे समजू. मळसूत्री प्रकाश एकाच खोलीतील अणूंना उठवू शकतो. दुसऱ्या खोलीतील अणूंना तो स्पर्शही करू शकत नाही. उठवलेला अणू क्षणभराने पुन्हा खाली येतो, तो कोणत्याही खोलीत येवो. पहिल्या खोलीत आला, तर प्रकाश त्याला पुन्हा उठवतो. दुसऱ्या खोलीत आला, तर तो तेथेच राहतो. रहाटाच्या पोहऱ्यांनी विहिरीतले पाणी पाटात जावे, त्याप्रमाणे हळूहळू सारे अणू दुसऱ्या खोलीत जमा होतात. प्रचंड चुंबक नको, अतिशीत तापमानही नको. ज्या मताधिक्यासाठी चुंबक धडपडत होते, ते केवळ प्रकाशाने मिळते. दहा मतांची निवडणूक जवळजवळ बिनविरोध होते!

कास्टलेर यांच्याजवळ लेसर नव्हता. पहिला लेसर प्रकाशमान झाला तो १९६० साली. त्याआधी दहा वर्षे साध्या वायुदीपांच्या प्रकाशावर हे काम उभे राहिले. १९६६ साली त्यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हाही या कामाचा फुप्फुसाच्या तपासणीशी काही संबंध असेल, असे कोणाच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते.

रुबिडियमकडून झेनॉनकडे

एक अडचण उरलीच होती. प्रकाशाचा हा रहाट सर्वच अणूंवर चालत नाही. रुबिडियमसारख्या धातूंच्या वाफेवर तो उत्तम चालतो; पण रुबिडियम पाण्याचा स्पर्श होताच पेट घेणारा धातू, तो माणसाला हुंगायला देण्याची सोय नाही. हेलियम व झेनॉन हे निष्क्रिय वायू श्वासातून घेता येतात; पण रुबिडियमवर चालणारा प्रकाश त्यांच्या अणुकेंद्रांना दाद लागू देत नाही. यावर तोड अशी निघाली, की प्रकाशाने आधी रुबिडियमला शिस्त लावायची आणि रुबिडियमने ती शिस्त टक्करीत दुसऱ्याला द्यायची. १९६० साली मारी-आन बूशिया, थॉमस कार्व्हर आणि त्यांचे सहकारी यांनी रुबिडियमच्या वाफेकडून हेलियम-३ च्या अणुकेंद्राकडे ही फिरकी सोपवली जाते, असे दाखवून दिले. पुढे झेनॉनच्या बाबतीतही तसेच घडते, हे स्पष्ट झाले आणि विल्यम हॅपर यांच्यासारख्या संशोधकांनी या देवघेवीचे नियम तपशीलवार उलगडले.

कृती सांगायला साधी आहे. काचेच्या पात्रात किंचित रुबिडियम घ्यावयाचे, ते तापवून त्याची वाफ करावयाची, तिच्यात झेनॉन व इतर साहाय्यक वायू सोडावयाचे आणि पात्रावर सुमारे ७९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा वर्तुळ ध्रुवित लेसर किरण टाकावयाचा. रुबिडियमचे अणू प्रकाशाकडून फिरकी घेतात, झेनॉनवर आदळताना ती त्याच्या अणुकेंद्राला देतात आणि पुन्हा प्रकाशापुढे हात पसरतात. काही मिनिटांत झेनॉनच्या शेकडा दहा-वीस, कधी त्याहूनही अधिक, केंद्रांची रांग लागते. दीड टेस्लाच्या चुंबकात आपोआप मिळणाऱ्या मताधिक्याच्या मानाने ही वाढ लाखपटीच्या घरातली आहे. मग वाफ निवळून रुबिडियम मागे ठेवला जातो आणि शुद्ध झेनॉन पिशवीत भरून रुग्णाला दिला जातो. हा झेनॉन-१२९ किरणोत्सारी नाही. निसर्गातील झेनॉनचा सुमारे चौथा हिस्सा याच समस्थानिकाचा असतो.

१९९४ च्या जुलै महिन्यात मिचेल आल्बर्ट, हॅपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या शरीराबाहेर काढलेल्या फुप्फुसांचे अशा झेनॉनने घेतलेले चित्र 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केले. दोनच वर्षांनी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ आणि जर्मनीतील माइन्त्स येथील संशोधकांनी हेलियम-३ वापरून जिवंत माणसाच्या फुप्फुसांची चित्रे घेतली. हेलियमचा संकेत झेनॉनपेक्षा जोरकस. त्यामुळे पहिली काही वर्षे त्याचीच चलती होती. परंतु हेलियम-३ येतो तो मुख्यतः ट्रिटियमच्या ऱ्हासातून, आणि ट्रिटियमचे साठे अण्वस्त्रांसाठी बाळगलेले! २००१ नंतर अमेरिकेने सीमेवर चोरट्या अणुद्रव्याचा शोध घेण्यासाठी जी न्यूट्रॉन शोधके बसवली, त्यांत हा वायू मोठ्या प्रमाणावर खर्ची पडला आणि २००८-०९ च्या सुमारास त्याचे दुर्भिक्ष झाले. रुग्णांच्या तपासणीचे एक साधन बाँबच्या कारखान्यावर अवलंबून असणे ही स्थिती काही भूषणावह नव्हती. टंचाईमुळे का होईना, संशोधक पुन्हा झेनॉनकडे वळले. झेनॉन हवेतच असतो. मात्र हवेच्या एक कोटीहून अधिक भागांत तो जेमतेम एक भाग असतो आणि हवा द्रवरूप करून प्राणवायू वेगळा काढणाऱ्या मोठ्या कारखान्यांतूनच तो हाती लागतो.

श्वासाचे चित्र

इतका खटाटोप फुप्फुसासाठीच का, असा प्रश्न साहजिक आहे. मेंदू, सांधे, पाठीचा कणा यांची उत्तम चित्रे देणारा एमआरआय फुप्फुसांपुढे हतबल होतो. फुप्फुस म्हणजे बहुतांशी हवा. त्यात पाणी थोडे, म्हणून हायड्रोजनही थोडा. आणि हवा व ऊतक यांच्या असंख्य सीमारेषांवर चुंबकीय क्षेत्र विस्कळीत होत असल्याने जो थोडा संकेत असतो तोही क्षणार्धात विरून जातो. सीटी तपासणी फुप्फुसाची रचना उत्तम दाखवते. पण तिला क्ष-किरण लागतात, त्यामुळे लहान मुलांवर किंवा एकाच रुग्णावर ती वारंवार करताना हात आखडता घ्यावा लागतो. शिवाय रचना दिसणे निराळे आणि कार्य दिसणे निराळे. फुंकर मारून घेण्याची स्पायरोमीटरची तपासणी दोन्ही फुप्फुसांचा मिळून एकच आकडा देते. कोणत्या भागात हवा जाते आणि कोणता भाग बंद पडला आहे, ते त्या आकड्यातून कळत नाही.

संस्कारित झेनॉन नेमकी हीच उणीव भरून काढतो. रुग्ण तो हुंगतो, दहाएक सेकंद श्वास रोखून धरतो आणि तेवढ्यात चित्र पूर्ण होते. जेथे वायू पोहोचला तो भाग उजळ, जेथे पोहोचला नाही तो काळा. दमेकऱ्याच्या फुप्फुसातील आखडलेल्या श्वासनलिकांमागचे प्रदेश नकाशावरच्या दुष्काळी तालुक्यांसारखे वेगळे दिसू लागतात.

झेनॉनचा खरा गुण मात्र याच्याही पुढचा आहे. तो वायुकोशांच्या पातळ पडद्यात आणि तेथून रक्तातील तांबड्या पेशींत विरघळतो. म्हणजे प्राणवायू ज्या वाटेने रक्तात उतरतो, त्याच वाटेने झेनॉनही उतरतो. आणि पोकळीतला झेनॉन, पडद्यातला झेनॉन व तांबड्या पेशींतला झेनॉन यांचे संकेत वेगवेगळ्या कंप्रतेवर ऐकू येतात. वायू आत गेला, पण पडद्यावर अडला काय? पडदा ओलांडला, पण रक्तापर्यंत पोहोचला नाही काय? या प्रश्नांची उत्तरे प्रदेशवार देता येतात. कोविडच्या साथीनंतर ऑक्सफर्ड व शेफील्ड येथील संशोधकांनी याचा लक्षणीय उपयोग केला. दम लागण्याची तक्रार करणाऱ्या काही रुग्णांची सीटी चित्रे सामान्य किंवा जवळजवळ सामान्य होती. परंतु झेनॉन तपासणीत त्यांच्या फुप्फुसांतून रक्ताकडे होणारे वायूचे संक्रमण मंदावल्याचे आढळले. रुग्णांची संख्या लहान होती, म्हणून या निष्कर्षांवर मोठे इमले चढवणे योग्य नाही. तथापि 'तुम्हाला काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत' असे ऐकून घ्यावे लागणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने आपल्या तक्रारीला दृश्य आधार मिळणे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

मुंबईचा दुवा

एकच अणुकेंद्र वेगवेगळ्या रासायनिक परिसरात वेगवेगळ्या कंप्रतेवर बोलते, हे झेनॉन तपासणीचे मर्म. या तत्त्वाचे सर्वांत प्रसिद्ध प्रात्यक्षिक १९५१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात झाले. इथिल अल्कोहोलच्या एकाच रेणूतील हायड्रोजनचे तीन निरनिराळे संकेत तेथे प्रथम स्पष्टपणे वेगळे दिसले आणि अनुस्पंदन हे भौतिकीबरोबर रसायनशास्त्राचेही हत्यार बनले. तो शोधनिबंध तिघांच्या नावावर आहे: अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड. यांतील एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी अणुकेंद्रीय अनुस्पंदनाच्या संशोधनाचा तेथे पाया घातला. पॅरिसमध्ये कास्टलेर अणूंना रांगेत उभे करीत होते, त्याच वर्षांत रांगेतील अणूंची बोली ओळखण्याचे ज्ञान मुंबईत येऊन पोहोचले होते.

दुसरा दुवा अवकाशातून येतो. प्रकाशाने रुबिडियमच्या अणूंना शिस्त लावण्याची हीच युक्ती रुबिडियमच्या अणुघड्याळात वापरली जाते. भारताच्या दिशादर्शक उपग्रहांत प्रथम परदेशी बनावटीची अशी घड्याळे होती. त्यांपैकी एका उपग्रहावरील तिन्ही घड्याळे बंद पडल्याचे २०१७ च्या प्रारंभी उघड झाले आणि तो उपग्रह दिशादर्शनाच्या मुख्य कामास निरुपयोगी ठरला. आयात केलेल्या घड्याळाने दगा दिल्यावर स्वदेशी घड्याळाची निकड सर्वांच्याच लक्षात आली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात घडवलेले रुबिडियम घड्याळ बसवलेले होते. काचेचे पात्र, रुबिडियमची वाफ, तिच्यावर पडणारा नेमक्या तरंगलांबीचा प्रकाश आणि काटेकोर तापमान राखणारी यंत्रणा, हे सारे ज्ञान या देशाने हस्तगत केले आहे, याचा हा पुरावा होय.

तिसरा दुवा पुन्हा मुंबईचाच. टाटा संस्थेतील एका विभागातून वाढून १९८४ साली स्वतंत्र झालेली 'समीर' ही संस्था दीड टेस्लाच्या स्वदेशी एमआरआय यंत्राच्या निर्मितीत अग्रभागी आहे. त्या यंत्राच्या चाचणीसंबंधी २०२५ च्या मार्च महिन्यात तिचा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेशी करार झाला. म्हणजे रांग लावणारे, रांगेची बोली जाणणारे आणि चित्र घेणारे यंत्र बांधणारे असे तिघेही देशात आहेत. उणीव आहे ती त्यांना एका टेबलाभोवती बसवणाऱ्या प्रयोजनाची.

आक्षेप आणि त्यांचे मोल

या मार्गाचे गोडवे गाताना त्याच्या मर्यादा झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिली मर्यादा मूलभूत आहे. चुंबकाने लावलेली रांग मोडली तरी पुन्हा लागते; प्रकाशाने लावलेली रांग एकदा मोडली की मोडली. फुप्फुसातील प्राणवायूच्या संगतीत संस्कारित झेनॉनचा संस्कार अर्ध्या मिनिटातच ओसरू लागतो. द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत गोठवून तो काही तास टिकवता येतो. परंतु नळकांड्यात भरून गावोगाव पाठवण्याचा हा माल नव्हे. जेथे तपासणी तेथेच वायूवर संस्कार करणारे यंत्र हवे आणि ते चालवणारा जाणकारही हवा. दुसरी मर्यादा अशी, की रुग्णालयांतील बहुतेक एमआरआय यंत्रे केवळ हायड्रोजनचीच भाषा जाणतात. झेनॉनचा सूर वेगळा. तो ऐकण्यासाठी वेगळे वेटोळे आणि वेगळा प्रवर्धक लागतो. तिसरी शंका वैद्यकाची आहे. या चित्रांमुळे उपचारांची दिशा बदलून रुग्णाचे हित किती साधते, हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध व्हावयाचे आहे.

याहूनही टोकदार आक्षेप आपल्याकडचा कोणीही विचारी डॉक्टर घेईल. जेथे तालुक्याच्या रुग्णालयात साधा स्पायरोमीटर धड चालत नाही, तेथे लेसर आणि झेनॉनची भाषा कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्पायरोमीटर आधी हवा, यात वादच नाही. परंतु त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा लागेल. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. औषधांचा क्रम पुरा झाला, थुंकीतले जंतू गेले, की रुग्ण कागदोपत्री बरा होतो. पण अशांपैकी अनेकांना जिना चढताना दम लागतच राहतो. दगडखाणीत सिलिकाची धूळ छातीत भरून घेतलेला मजूर, बंदिस्त स्वयंपाकघरात चुलीचा धूर गिळत वय काढलेली स्त्री, यांच्या फुप्फुसांचे नेमके काय झाले आहे याचा अभ्यास दुसरा कोणता देश भारतासाठी करणार आहे? प्रगत देशांत झेनॉनचे संशोधन झाले ते मुख्यतः त्यांच्याकडच्या रोगांवर. तसे होणे स्वाभाविकही आहे. आपल्या रोगांचे प्रश्न आपल्यालाच विचारावे लागतील. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात असे यंत्र असण्याची आवश्यकता नाही. देशात मोजकी केंद्रे असली आणि त्यांच्या दाराशी छातीच्या रोगांचे दवाखाने जोडलेले असले, तरी पुरे.

शिवाय या मार्गात गरीब देशाच्या हिताची एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. चुंबकाच्या मार्गात रांग लावणे आणि चित्र घेणे ही दोन्ही कामे त्याच चुंबकाला करावी लागतात, म्हणून तो मोठा हवा. प्रकाशाच्या मार्गात रांग आधीच, बाहेरच, लागलेली असते. मग चित्र घेणारा चुंबक लहान असला तरी चालते. १९९८ साली रोनाल्ड वॉल्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोन सहस्रांश टेस्ला इतक्या क्षीण क्षेत्रात असे चित्रण करून दाखवले. पुढे त्यांच्याच गटाने साडेसहा सहस्रांश टेस्लाचे, म्हणजे नेहमीच्या यंत्राच्या दोनशेव्या भागाहूनही कमी सामर्थ्याचे, एक उघडे यंत्र तयार केले आणि त्यात उभ्या किंवा बसलेल्या माणसाच्या फुप्फुसांची चित्रे घेतली. त्यासाठी अतिवाहक चुंबक नको, की त्याला थंड ठेवणारा महागडा द्रव हेलियमही नको. ही वाट अद्याप बाजारात पोहोचलेली नाही. कारण ज्यांच्याजवळ मोठे चुंबक आहेत आणि जे मोठे चुंबक विकतात, त्यांना ती चालण्याची घाई नाही. ज्यांच्याजवळ मोठे चुंबक नाहीत, त्यांनीच ती चालावयाची असते.

वायूच्या पलीकडे

प्रकाशाचे हे काम वायूंपुरतेच मर्यादित राहील असेही नाही. पेंटासीन नावाच्या सेंद्रिय रेणूवर लेसरचा झोत टाकला, की त्यातील इलेक्ट्रॉन काही काळ असाधारण शिस्तीच्या अवस्थेत जातात; सूक्ष्मतरंगांच्या मध्यस्थीने ती शिस्त शेजारच्या हायड्रोजनला देता येते. २०१४ साली जपानमधील ओसाका येथील संशोधकांनी या रीतीने, सामान्य तापमानाला, स्फटिकातील हायड्रोजन केंद्रांचे ध्रुवण शेकडा ३४ पर्यंत नेले. हिऱ्यातील नायट्रोजनयुक्त दोषस्थानांवर हिरवा प्रकाश टाकून त्याच हिऱ्यातील कार्बनची रांग लावण्याचे प्रयोगही झाले असून, २०१८ मध्ये बर्कली येथील गटाने हिऱ्याच्या भुकटीतही ते साधले. ही शिस्त औषधी रेणूंना देऊन शरीरात धाडता आली, तर पेशींचे चयापचय डोळ्यांदेखत पाहता येईल, अशी आशा या प्रयत्नांमागे आहे. ती आजची वस्तुस्थिती नव्हे. पण १९५० साली फुप्फुसाचे चित्र ही तर आशाही नव्हती.

१९५० ते २०२२ हा काळ बहात्तर वर्षांचा. इतकी वर्षे ज्या समाजांनी उपयोगाचा हिशेब न विचारता काचेच्या पात्रातील वाफेवर दिवा धरून बसलेल्या माणसांना पोसले, त्यांच्या पदरात हे फळ पडले. आपल्याकडे संशोधनाच्या प्रत्येक प्रस्तावात 'अपेक्षित लाभ' या रकान्यात तीन वर्षांचे उत्तर भरावे लागते. कास्टलेर यांना तो रकाना कोराच ठेवावा लागला असता. याचा अर्थ बहात्तर वर्षे हात जोडून वाट पाहावी असा नव्हे, कारण ती वर्षे दुसऱ्यांनी आधीच खर्च केलेली आहेत आणि त्यांतील ज्ञान सर्वांना खुले आहे. रुबिडियमच्या प्रकाशीय पंपनाचा प्रयोग आज पदव्युत्तर वर्गाच्या प्रयोगशाळेत एका टेबलावर मावतो. तो टेबलावरून उचलून रुग्णशय्येपर्यंत नेण्यासाठी अहमदाबादची घड्याळे, मुंबईचे अनुस्पंदन आणि एखाद्या सरकारी क्षयरुग्णालयातील छातीचे डॉक्टर यांना एका प्रकल्पात आणावे लागेल. अंतराळातील घड्याळे बंद पडली तेव्हा आपण आपले घड्याळ घडवले. जमिनीवरच्या माणसांचा श्वास अडतो आहे, एवढे कारण त्यासाठी पुरेसे मानले जाणार आहे काय, हा आता विज्ञानाचा प्रश्न उरलेला नाही.